डॅफ्नियाला न बाधलेलं विष

बीकरच्या तळाशी धुळीचे कण हलल्यासारखे वाटतात. भिंगाखाली पाहिलं की त्या कणाला एक काळा डोळा दिसतो आणि पारदर्शक अंगातून भराभर धडधडणारं हृदयही. हा डॅफ्निया, गोड्या पाण्यातला चिमुकला कवचधारी जीव. एखादं रसायन नदी-तळ्यांना कितपत घातक आहे, याचा पहिला अंदाज जगभरच्या प्रयोगशाळा ज्या जिवांवरून बांधतात, त्यांतला हा एक.

जन्मून २४ तासही न झालेली पिल्लं घ्यायची. रसायनाची पाच चढत्या तीव्रतेची द्रावणं करून प्रत्येकात २० पिल्लं सोडायची, शेजारी रसायन नसलेल्या पाण्यातही २० ठेवायची. ४८ तास त्यांना खायला काही द्यायचं नाही. मग भांडं हलकेच हलवून १५ सेकंद नीट बघायचं. तेवढ्यात जे पिल्लू पोहलं नाही, ते ‘निश्चल’ म्हणून मोजायचं. ज्या तीव्रतेला निम्मी पिल्लं निश्चल होतात, तो आकडा महत्त्वाचा. शेवाळाची अशीच चाचणी ७२ तास चालते, माशांची ९६ तास. शेवाळ डॅफ्निया खातो आणि डॅफ्नियाला मासा, म्हणजे अन्नसाखळीच्या तीन पायऱ्या तपासून होतात.

समजा, तिन्हींत सर्वांत कमी आकडा डॅफ्नियाचा आला, लिटरला अर्धा मिलिग्रॅम. मग तेवढं रसायन पाण्यात चालेल का? मुळीच नाही. हातात फक्त अशा अल्पकालीन चाचण्या असतील, तर त्या आकड्याला सहसा १०००ने भागतात. लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम उरतो, आणि नदीत त्याहून जास्त रसायन पोचण्याची शक्यता असेल तर ती धोक्याची खूण. तिन्ही पायऱ्यांवर दीर्घकालीन चाचण्या झालेल्या असतील, तर १०ने भागलं तरी पुरतं. मला हा भागाकार या शास्त्रातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. तीन जाती पाहून शेकडो जातींबद्दल आणि चार दिवस पाहून अख्ख्या आयुष्याबद्दल बोलताना किती चूक होऊ शकते, याची ती उघड कबुली आहे.

याशिवाय रसायन जिवाणूंकडून किती लवकर विघटित होतं आणि चरबीत साठून राहतं का, हेही पाहतात. दोन्ही बाबतींत उत्तर वाईट आलं, तर आजची लहान मात्राही वर्षानुवर्षं साचत जाते.

एवढं करूनही काय निसटू शकतं, हे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या ओढ्यांत दिसलं. तिथे पाऊस पडून रस्त्यांवरचं पाणी ओढ्यात उतरलं, की अंडी घालायला समुद्रातून परतलेले कोहो सामन मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासायचे, गोल गोल फिरायचे आणि काही तासांत मरायचे. माद्यांच्या पोटात अंडी तशीच असायची. कित्येक वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० साली संशोधकांनी ते शोधलं. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. लिटरला साधारण ९५ नॅनोग्रॅम एवढंसं क्विनोन निम्मे कोहो मारायला पुरतं. याचा अर्थ, एक ग्रॅम क्विनोन सुमारे एक कोटी लिटर पाणी त्यांच्यासाठी विषारी करू शकतं.

हेच क्विनोन पुढे डॅफ्नियावर आणि प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या झेब्राफिश व मेडाका माशांवर तपासलं गेलं. पाण्यात विरघळेल तेवढं घालूनही ते मेले नाहीत. कोहोचा जवळचा नातलग चम सामनही त्यातून तगतो. फक्त याच प्राण्यांवर थांबलो असतो, तर हे विष निर्धोक ठरलं असतं. म्हणून मला वाटतं, कारखान्यातून निघालेलं रसायन तपासणं पुरेसं नाही. हवा, ऊन आणि पाणी लागून त्याचं जे होतं तेही तपासायला हवं, आणि जिथे ते वाहून जाणार आहे तिथल्या जिवांवर तपासायला हवं.