पास्ता ए फाजोली

पास्ता ए फाजोली म्हणजे बीन्स आणि बारीक पास्ता एकाच पातेल्यात शिजवून केलेलं घट्ट, पोटभरीचं इटालियन सूप. सूप म्हटलं तरी जेवणाआधी वाटीभर प्यायचं हे नव्हे, हेच जेवण. मुळात शेतकरी-मजुरांचं खाणं, मांस रोज कुठून परवडणार, म्हणून तिकडे बीन्सलाच गरिबाचं मांस म्हणत आलेत.

यात घालतात ते बोर्लोत्ती किंवा कान्नेल्लिनी बीन्स मूळचे अमेरिका खंडातले, 16व्या शतकात युरोपात पोचले, त्याआधी इटलीत चवळी खायचे. उत्तरेकडे व्हेनेतो प्रांतात लामोन गावचे बोर्लोत्ती फार नावाजलेले आहेत, बेल्लुनोचा विद्वान पिएरिओ व्हालेरियानो याने पोप सातवे क्लेमेंट यांच्याकडून हे बी तिकडे नेलं असं सांगतात. आपला राजमा आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा हे याच जातीचे, त्यामुळे बोर्लोत्ती नाही मिळाले तर चित्रा राजमा किंवा वाघ्या घेवडा बिनधास्त घ्या, चव जवळपास तीच येते.

चौघांसाठी 250 ग्रॅम सुके बीन्स रात्रभर भिजत घालायचे, सकाळी ते पाणी टाकून ताज्या पाण्यात तमालपत्र घालून मऊ शिजवायचे. सुरवातीला निदान 10 मिनिटं खळखळून उकळलेच पाहिजेत कारण कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं लेक्टिन असतं आणि नुसत्या मंद आचेवर ते जात नाही, कुकरमधे हा प्रश्नच येत नाही. दुसरीकडे ऑलिव्ह तेलात कांदा, गाजर, सेलरी अगदी बारीक चिरून मंद आचेवर परतत राहायचं, याला सोफ्रित्तो म्हणतात आणि सगळी चव इथेच तयार होते, तेव्हा 10-15 मिनिटं द्याच. मांस खाणारे यात पान्चेत्ता म्हणजे मुरवलेलं डुकराचं मांस घालतात. मग लसूण, रोझमेरी, एखाद-दोन टोमॅटो. टोमॅटो बीन्सबरोबर आधीच टाकू नका, आंबटपणामुळे ते लवकर मऊ होत नाहीत.

आता बीन्स त्यांच्या पाण्यासकट ओतायचे, त्यातले निम्मे आधी घोटून घ्यायचे. दाटपणा यायला हवा तो याच्यातून आणि पास्त्याच्या स्टार्चमधून, क्रीम किंवा कॉर्नफ्लोअर घालणाऱ्या रेसिपी खूप दिसतात पण त्याने बीन्सची चव पार मरते. शेवटी 150 ग्रॅम दितालिनी म्हणजे छोट्या नळ्यांचा पास्ता याच पातेल्यात शिजवायचा, वेगळा उकळून पाणी फेकून द्यायचं नाही, तळाला लागतं म्हणून ढवळत राहायचं. नेपल्समधे डब्यांच्या तळाशी उरलेला वेगवेगळ्या आकाराचा पास्ता एकत्र करून घालायची पद्धत, आता तसा मिसळलेला पास्ता विकतही मिळतो, तिथे हे इतकं दाट करतात की सूप म्हणवत नाही. व्हेनेतोत जरा सैल आणि पुष्कळदा कोमटच वाढतात.

वरून कच्चं ऑलिव्ह तेल, मिरपूड. पार्मेजान चीजची कडक साल फेकायची नाही, सूप उकळताना त्यात टाकायची, रस्सा एकदम खमंग होतो. मात्र अस्सल पार्मेजानमधे वासराच्या पोटातलं रेनेट म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ असतो, शुद्ध शाकाहारी असाल तर मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीज बघून घ्या किंवा चीज नाहीच घातलं तरी चालतं.