गंडूष व कवल

औषधी द्रव तोंडात धरून ठेवण्याची किंवा खळखळवून थुंकण्याची आयुर्वेदीय प्रक्रिया. हिरड्या सुजल्या, हुळहुळू लागल्या किंवा दात घासताना रक्त आले, की घरोघरी मिठाच्या वा तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या केल्या जातात. ते याच प्रक्रियेचे साधे रूप मानता येईल.

दोन्ही संज्ञांच्या अर्थाविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेत (चिकित्सास्थान, अ. ४०) भेद मात्रेवर केला आहे : तोंडात सहज फिरवता येईल इतका द्रव म्हणजे कवल, तोंड इतके भरलेले की तो हलवताच येत नाही, तर गंडूष. वाग्भटाने (साधारणतः इ. स. सातवे शतक) अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील २२व्या अध्यायात हाच भेद स्वीकारला. शार्ङ्गधरसंहितेत (बहुधा तेराव्या शतकाची अखेर किंवा चौदाव्याचा आरंभ) मात्र निकष बदलतो. तेथे द्रवाचा तो गंडूष आणि कल्काचा, म्हणजे वाटलेल्या औषधाच्या गोळ्याचा, तो कवल. गंडूषाच्या द्रवात कोलभर, म्हणजे अर्धा कर्ष, चूर्ण आणि कवलाला कर्षभर, म्हणजे सुमारे तोळाभर, कल्क असे प्रमाणही तेथे दिले आहे. औषध तयार करणाऱ्याला ही व्याख्या सोयीची. पण जुना अर्थ सुश्रुताचाच असावा. व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येत असावेत, कारण जे चार प्रकार सुश्रुत कवलाचे म्हणून सांगतो (स्नेही म्हणजे स्निग्ध करणारा, प्रसादी म्हणजे शमवणारा, शोधी म्हणजे शुद्ध करणारा, रोपण म्हणजे व्रण भरून आणणारा), जवळजवळ तेच वाग्भट गंडूषाचे म्हणून देतो. मराठीत हा भेद क्रियापदांत टिकला आहे. चूळ खळखळून भरतात, गुळणी मात्र ‘धरतात’ही. गप्प राहणाऱ्याने ‘मिठाची गुळणी धरली’ असे म्हणतात, कारण भरल्या तोंडाने बोलता येत नाही. सुश्रुताचा गंडूष तो हाच.

विधी वाग्भटाने बारकाईने दिला आहे : वारा नसलेल्या उन्हाच्या जागी बसावे, मान व खांदे शेकून चोळून घ्यावेत, तोंड किंचित वर करून द्रव धरावा, गिळू नये. तोंड कफाने भरून नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो धरायचा. दात शिवशिवणे व हलणे यांसाठी त्याने कोमट किंवा थंड पाण्यात कालवलेला तिळाचा कल्क सांगितला आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याची ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका अष्टांगहृदयावरच आहे.

हिरड्यांचे, म्हणजे दंतमूलाचे, पंधरा रोग सुश्रुताने मोजले आहेत. त्यांतील ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या मऊ, काळपट व दुर्गंधी होतात. काहींनी तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, मानला; हिरड्यांचा साधा दाह हा अर्थ अधिक संभाव्य दिसतो. त्यावर रक्त काढल्यानंतर सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्यात रसांजन (दारुहळदीचा आटवलेला अर्क) घालून गंडूष सांगितला आहे.

घरगुती वापरात पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरते. तुरटी, त्रिफळा, बाभळीची साल, पेरूची पाने ही सारी तुरट द्रव्ये आहेत. त्यांनी हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. लवंगेच्या तेलातील युजेनॉलने ठणका बधिर होतो, परंतु ते नुसतेच लावल्यास हिरडी भाजते. कोणत्याही गुळणीने आराम पडला तरी दातांच्या मुळाशी साठलेले कीटण निघत नाही. ते दंतवैद्यालाच काढावे लागते. पू, ताप, गालावर सूज किंवा आठवडाभर टिकणारा रक्तस्राव असल्यास घरी थांबू नये.

महाराष्ट्रात विशेषतः स्त्रियांमध्ये दुखऱ्या हिरड्यांना मिश्री लावण्याची सवय आढळते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने क्षणभर बरे वाटते, पण सवय जडते, हिरड्या झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तिला उपचार म्हणता येत नाही.

‘ऑइल पुलिंग’ या नावाने तैलगंडूष, म्हणजे तेलाचा गंडूष, अलीकडे जगभर पोचला. चरकसंहितेत (सूत्रस्थान, अ. ५) त्याने दातांची मुळे दृढ होतात असे म्हटले आहे. आधुनिक चाचण्या लहान आहेत आणि अमेरिकन डेंटल असोसिएशन त्याची शिफारस करत नाही. तेल श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाला इजा होते, त्यामुळे गंडूष-कवल पाचव्या वर्षापासूनच द्यावेत हा शार्ङ्गधराचा दंडक आजही योग्य ठरतो. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांवर स्वच्छ बोट हलके फिरवावे. मध चाटवण्याची रीत मात्र वर्षाच्या आतील बाळासाठी बोट्युलिझम या जिवाणुजन्य विषबाधेच्या धोक्यामुळे वर्ज्य आहे.