नाव कोणाच्या हातात, तोंड कोणाच्या हातात

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखानदारांना संकेतस्थळे बांधून देण्याचे काम मी करतो. एखादे संकेतस्थळ भारतात बंद झाल्याची बातमी आली की भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, सरकारने त्याचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, काढून घेतले. आणि त्यांतला कोणी जाणकार भर घालतो की याविरुद्ध या नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे दाद मागावी. ही दोन्ही विधाने बहुतेक वेळा चूक असतात, कारण नावांची नोंद ठेवणारा आणि बोलण्यावर बंदी घालणारा एकच आहे, असा समज त्यांच्या मुळाशी असतो.

ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव टाकले की एक व्यवस्था त्या नावावरून, ते ज्या संगणकावर (सर्व्हरवर) ठेवले आहे त्याचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, शोधून देते. त्या व्यवस्थेच्या मुळाशी रूट झोन नावाची यादी आहे आणि .कॉम, .इन, .भारत यांची जबाबदारी कोणाकडे आहे, एवढेच तिच्यात असते. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही ना-नफा संस्था या यादीचे समन्वयन करते. अमेरिकी वाणिज्य खात्याशी असलेला तिचा करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला. आपल्या सिटी सर्व्हे कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे आहे ते पाहतात, नवी पेठेतल्या त्या दुकानात काय विकले जाते ते पाहत नाहीत. आयकॅनचेही तसेच आहे. मजकुराचे नियमन करायचे नाही, असे तिच्या उपविधींतच लिहिले आहे. २०२२ साली युक्रेनने रशियाचे .आरयू रद्द करण्याची मागणी केली, तेव्हाही तिने नकार दिला.

बंदीचा मार्ग पूर्णपणे वेगळा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ नुसार देशाची सार्वभौमता, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार आदेश काढते आणि तो इंटरनेट पुरवठादारांकडेही जातो. पुरवठादार आपल्या सर्व्हरवरून त्या नावाचे उत्तर देणे थांबवतो किंवा जोडणीच अडवतो. डोमेनच्या नोंदवहीतली ओळ मात्र जागच्या जागी राहते, शुल्क चालू राहते, मालकही तोच राहतो. म्हणून माझी पहिली सूचना नेहमी एकच असते: दुबईतल्या नातेवाइकाला ते संकेतस्थळ उघडून पाहायला सांगा. तिथे उघडले आणि इथे उघडले नाही, तर बहुधा अडथळा इथल्या वाटेवर आहे. कुठेच उघडले नाही, तर होस्टिंग (संकेतस्थळासाठी घेतलेली सर्व्हरवरची जागा), नूतनीकरण किंवा नोंद तपासावी.

नाव खरोखरच काढून घेतले जाऊ शकते, हे मी नाकारत नाही. पण तेही रजिस्ट्री (.कॉम, .इन अशा एकेका शेवटाच्या नावांची नोंदवही ठेवणारी संस्था) किंवा रजिस्ट्रार (ग्राहकाला नाव नोंदवून देणारी कंपनी) ज्या देशात आहे, तिथल्या कायद्याने होते. .कॉमची रजिस्ट्री, व्हेरिसाइन, अमेरिकेत असल्यामुळे तिथल्या न्यायालयांच्या आदेशांनी .कॉम नावे जप्त झालेली आहेत. .इनची रजिस्ट्री, निक्सी, भारतात आहे. म्हणूनच मी इथल्या ग्राहकांना .इन घ्यायला सांगतो आणि वाद उद्भवलाच तर तो आपल्या देशात, आपल्या कायद्याने लढता यावा, यावर ठाम राहतो. 'डोमेन विकत घेतले' हा शब्दप्रयोगही मला खटकतो, कारण ते मुदतीपुरते भाड्याने मिळते आणि .कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच नोंदवता येते.

दाद कुठे मागायची, हे यावरूनच ठरते. २४ मार्च २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातले, ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले आणि ६९अ कायम ठेवले. मात्र ते ठेवताना, आदेशाची कारणे लेखी नोंदवली जातात आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आदेशाला आव्हान देता येते, याचा आधार घेतला. दुसरीकडे, ६९अ खालच्या २००९ च्या नियमांत अशा आदेशांबाबत गोपनीयतेची तरतूद आहे आणि ज्याचे लेखन अडवले त्याच्याच हाती आदेशाची प्रत पडत नाही, ही मला या व्यवस्थेतली सर्वांत गंभीर उणीव वाटते. ती प्रत मागण्यासाठी आणि आदेशाला आव्हान देण्यासाठी सोलापूरकराने कॅलिफोर्नियाला पत्र धाडण्याऐवजी उच्च न्यायालयात जावे, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे.