हेडचा स्टड किती ताणला?

संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, जुन्या गाडीची हौस असलेला माणूस भेटतोच. अंगणात पत्र्याखाली पद्मिनी किंवा अँबेसिडर झाकलेली असते आणि 'यंदा इंजिन काढायचंच' हे दर दिवाळीला ठरलेलं असतं. काम निघालं की पिस्टन-रिंगांवर मनसोक्त खर्च होतो, बोअरिंग होतं, हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) फेस मारून ते सपाट केलं जातं. हेड बसवताना मात्र जुनेच स्टड (इंजिनाच्या ब्लॉकमध्ये रोवलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्या), जुनेच नट, आणि मिस्त्री पान्याला पाइप लावून म्हणतो, "लई घट झालं मालक, आता हालत नाही." पुढं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सांधा गळू न देणारा पातळ थर) उडालं की शिव्या गॅस्केटला बसतात.

मिस्त्रीच्या मनगटाला कमी लेखायचं कारण नाही. अडचण एवढीच की, मनगटाला जे जाणवतं ते घर्षण असतं, आणि हेड धरून ठेवतो तो स्टडमधला ताण. या दोन्हींचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

आधी हेडवर येणारा जोर पाहू. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साधारण 36 चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटल्यावर आतला दाब 40 बारपर्यंत गेला असं धरलं, तर एकेका सिलिंडरवर हेड वर उचलू पाहणारा जोर जवळजवळ दीड टन भरतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल, तर हा दणका प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा बसतो. गॅस्केट दबलेलं राहायचं असेल, तर स्टडनी हेडला याहून बऱ्याच जास्त जोरानं कायम खाली ओढून धरलं पाहिजे.

हा जोर येतो कुठून? स्टड ताणला गेल्यामुळे. पोलाद ताणलं जातं हे डोळ्यांना पटत नाही, पण 10 मिलिमीटरचा स्टड अडीच टनांनी ओढला, तर त्याच्या दर 100 मिलिमीटर मोकळ्या लांबीमागं तो सुमारे 0.2 मिलिमीटर लांबतो. सोडला की परत मूळ जागी येतो. जोर आणि लांबणं एकमेकांच्या प्रमाणात असतात, हा नियम रॉबर्ट हूकनं 1678 मध्ये मांडला. दुधाचे कॅन सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्टीनं बांधतात, तसंच हे आहे. पट्टी ताणलेली आहे म्हणून कॅन हलत नाही, आणि पट्टी लांब असेल तर कॅन जरा सरकला तरी पकड सुटत नाही.

स्टड निवडताना उपयोगी पडते ती नेमकी ही दुसरी गोष्ट. नवं गॅस्केट पहिल्या काही तासांत दबतं, नटाखालचे खडबडीत पृष्ठभागही थोडे बसतात. ही बसण समजा 0.05 मिलिमीटर झाली. स्टड 0.2 मिलिमीटर ताणलेला असेल, तर चौथा हिस्सा ताण गेला, तीन हिस्से उरले. पण ताणली जाणारी मोकळी लांबी केवळ 25 मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच ताणाला तो 0.05 मिलिमीटरच लांबला होता. म्हणजे सगळाच ताण गेला. म्हणून चांगल्या स्टडची मधली दांडी आट्यांपेक्षा किंचित बारीक केलेली असते. बारीक दांडी कमजोर, असं वाटतं खरं. पण त्यामुळे ताण पूर्ण लांबीवर पसरतो आणि आट्यांच्या मुळाशी, जिथं स्टड हमखास तुटतो, तिथं तो एकवटत नाही.

आता पोलादाचा दर्जा. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला 100 नं गुणलं की तुटेपर्यंतची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. दशांश चिन्हानंतरचा आकडा सांगतो, त्या ताकदीच्या किती दशांशांवर पोलाद कायमचं लांबायला लागतं. 8.8 म्हणजे 800 आणि 640. 10.9 म्हणजे 1000 आणि 900. एकदा ही दुसरी हद्द ओलांडली की स्टड मूळ लांबीवर परत येत नाही. तो फेकून द्यावा.

दुकानात मिळत नाहीत म्हणून लेथवर स्टड करून घेण्याची आपल्याकडं रीत आहे. वाईट नाही, पण सळई कसली हे विचारा. जालन्याचं नाव पोलादासाठी मोठं, म्हणून कुणी टीएमटीचा तुकडा पुढं करील. तो नको. टीएमटी सळई लाटल्यावर लगेच पाण्याच्या फवाऱ्यानं थंड करतात. त्यामुळे बाहेरचं कवच कडक होतं आणि गाभा मऊ राहतो. लेथवर नेमकं ते कडक कवचच सोलून निघतं आणि हातात मऊ गाभा उरतो. घराच्या खांबात ती सळई उत्तम आहे. स्टडसाठी ईएन 19 सारखं क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, तेही हार्डनिंग-टेम्परिंग केलेलं (तापवून झटकन थंड करून पुन्हा बेतानं तापवलेलं), घ्यावं. आटे कापलेले असण्यापेक्षा रोल केलेले मिळाले तर जास्त टिकतात, कारण रोलिंगमध्ये आट्याच्या मुळाशी धातू दाबला जातो आणि तिथं तडा सुरू होणं अवघड जातं.

उलट टोकही गाठू नये. जास्तीत जास्त कडक स्टड आणला आणि त्याच्या हिशोबानं आवळला, तर पन्नास वर्षांच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकमधले आटेच उपटून येतात. ब्लॉकमधले आटे जाडे आणि नटाकडचे बारीक असण्यामागं हाच विचार असतो: बीड ठिसूळ, त्याला जाडे आटे हवेत, नटाकडं बारीक आटे असले की ताण हळूहळू वाढवता येतो.

आवळताना काय होतं ते बघा. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि टॉर्क रेंच म्हणजे ठरलेला आकडा गाठला की वाजणारा पाना. या रेंचवर लावलेल्या जोराचा साधारण निम्मा भाग नटाच्या तळाशी घासण्यात जातो, सुमारे 40 टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला उरतो. म्हणून घर्षण थोडं बदललं तरी ताण खूप बदलतो. 10 मिलिमीटरच्या 8.8 स्टडवर कोरड्या आट्यांत 50 न्यूटन-मीटर लावले, तर ताण येतो अंदाजे 25 हजार न्यूटन, म्हणजे अडीच टन. तेच आटे तेल लावलेले असतील, तर तेवढ्याच टॉर्कला ताण जातो 33 हजारांवर. हा स्टड कायमचा लांबायला लागतो 37 हजारांच्या आसपास, आणि आवळताना पडणाऱ्या पिळामुळे ती वेळ आधीच येते. उलट आटे गंजलेले असतील, तर रेंच 'कट्' म्हणून वाजतो पण ताण निम्म्यावरही नसतो. पुस्तकात टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिलाय की तेलाच्या, हे वाचल्याशिवाय आकडा निरर्थक आहे. एककही तपासा: जुन्या पुस्तकांत फूट-पौंड असतात, आणि 50 फूट-पौंड म्हणजे 68 न्यूटन-मीटर. (वरचे आकडे समजावण्यापुरते आहेत, आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकातूनच घ्यावा.)

ब्लॉकमधल्या भोकांकडं सहसा कुणी बघत नाही. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं आणि स्टड फिरवत खाली नेला, तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करतो, बीड तडकतं. भोक हवेनं साफ करावं, आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हातानं फिरवावा. स्टड ब्लॉकमध्ये हातानंच बसवावा, तळाला नेऊन करकचून आवळू नये. काही भोकं वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडतात. तिथं सीलंट हवं. आपल्याकडं रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतायची सवय असल्यानं असा स्टड आतून गंजून कंबरेत बारीक झालेला निघतो, आणि क्षारांचा थर बसलेल्या जागी हेड जास्त तापून वाकतं ते वेगळंच. स्टड बदलले आणि पाणी तेच ठेवलं, तर निम्मं काम फुकट गेलं.

नट आवळायचा क्रम मधून बाहेर, आलटूनपालटून, आणि तीन टप्प्यांत. कडेपासून सुरुवात केली तर मधला फुगवटा तसाच अडकून राहतो. नटाखाली कडक, सपाट वायसर हवा. मऊ वायसर दबतो आणि ताण घेऊन जातो.

इंजिन गार असतानाच आवळायचं. पद्मिनीसारखं ॲल्युमिनियमचं हेड असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 90 मिलिमीटर जाडीचं हेड 60 अंशांनी तापलं, तर ते स्टडपेक्षा सुमारे 0.06 मिलिमीटर जास्त वाढतं आणि स्टड आणखी ताणला जातो. गरम असताना आकडा गाठला, तर गार झाल्यावर ताण उतरतो. परभणीच्या मे महिन्यात दुपारी शेडमध्ये 43 अंश असताना गाडी नुसती उभी असली तरी ब्लॉक हाताला गरम लागतो. अशा दिवसांत हे काम सकाळी उरकावं.

जुन्या पद्धतीचं गॅस्केट असेल तर पुस्तकात सांगितलेल्या अंतरानंतर, बहुधा पहिल्या 500 किलोमीटरच्या आसपास, पुन्हा आवळावं लागतं. नुसता रेंच लावून वाजतोय का पाहण्यात अर्थ नाही, कारण थांबलेल्या नटाचं घर्षण फिरत्या नटापेक्षा जास्त असतं आणि रेंच खोटं बोलतो. क्रमानं एकेक नट थोडा सैल करून लगेच पूर्ण आकड्यापर्यंत न्यावा, दुसऱ्याला हात लावण्याआधी. सगळे झाले की टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागांमधली फट) पुन्हा लावून घ्यावेत. हेड किंचित खाली बसलेलं असल्यानं त्यांचा गॅप कमी झालेला असतो.