एका बोल्टमध्ये किती ताण आहे?

मोटरसायकलींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येते: 'परदेशात असेंबल झालेल्या गाडीची सर इथल्या गाडीला नाही.' गंमत अशी की केटीएमची ३९० ड्यूक वर्षानुवर्षे चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते आणि तिथूनच युरोपात जाते. २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० सुद्धा चाकणचीच. लंडनच्या ग्राहकाला मिळणारी स्पीड ४०० पुणे जिल्ह्यातूनच निघालेली असते. दुसरे वाक्य जाहिरातवाल्यांचे: 'कुशल कारागिरांनी हाताने बांधलेली.' टाकीवर ब्रशने रेघ ओढायची असेल तर कारागिराचा हात हवाच. पण सिलिंडर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट हाताच्या अंदाजाने आवळले असतील, तर ती गाडी मी घेणार नाही.

कारण सांगायचे तर बोल्टपासून सुरुवात करावी लागेल.

बोल्ट दोन भागांना 'अडकवून' ठेवतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. आवळताना ती किंचित लांबते, आणि परत आखडू पाहताना मधल्या भागांना एकमेकांवर दाबून धरते. जोड टिकतो तो या दाबामुळे. दाब पुरेसा असेल तर इंजिनाचे हादरे मधल्या भागांवर जातात, आणि बोल्टला त्यातला थोडासाच वाटा सोसावा लागतो. दाब कमी पडला की दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे सरकू लागतात, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर नट अगदी कणभर उलटा फिरतो. १९६९ मध्ये जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने प्रयोगातून हेच दाखवले: बोल्टच्या अक्षाच्या दिशेने येणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे नट सैल करण्यात फार पटाईत असतात. अशा प्रयोगांतून हेही कळले की साधा स्प्रिंग वॉशर या आडव्या हादऱ्यांपुढे जवळपास निरुपयोगी असतो. आपल्याकडे अजून तो विश्वासाने घातला जातो, नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधावी तसा.

म्हणजे कारखान्याला हवा असतो तो ताण. पण ताण थेट मोजणे जुळणीच्या लाईनवर परवडत नाही, म्हणून मोजतात टॉर्क, म्हणजे नट फिरवायला लागणारा पीळ. आणि सगळी गडबड इथेच आहे.

तुम्ही पान्यावर जितका जोर लावता, त्यातला साधारण ५० टक्के नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात सुमारे १० टक्के. घर्षण जरासे बदलले की या उरलेल्या दहात मोठी उलथापालथ होते.

आकडे घालून पाहू. मोटरसायकलवर सगळीकडे दिसणारा ८ मिमी व्यासाचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. (त्याच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असते.) कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर त्यात साधारण १५.६ किलोन्यूटन ताण येतो. हा जवळजवळ १,६०० किलो वजनाइतका झाला. हा बोल्ट कायमचा न लांबता २१.२ किलोन्यूटनपर्यंत सोसू शकतो, म्हणजे आपण मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाजवळ आहोत. उत्तम. आता त्याच आट्यांना थोडे इंजिन ऑइल लागले आहे असे समजा. टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला 'क्लिक' करणारा पाना) तोच, आकडा तोच, २५. घर्षण कमी झाल्यामुळे ताण जातो २०.८ वर. बोल्ट मर्यादेच्या काठावर. कुणी 'गंजू नये म्हणून' मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले असेल तर हिशेब २६ किलोन्यूटनच्या घरात जातो आणि बोल्ट कायमचा लांबतो. बोल्ट टिकला तर ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे निघतात. मॅन्युअलमधला आकडा अगदी बरोबर पाळूनही.

म्हणूनच चांगल्या कारखान्यात बोल्टच्या पृष्ठभागावरचा लेप, त्याचे घर्षण आणि टॉर्कचा आकडा या तिन्ही गोष्टी एकत्र ठरवतात. पुरवठादाराने लेपाची प्रक्रिया न सांगता बदलली, तर लाईनवर काहीही चुकलेले नसताना जोड सैल पडू लागतात.

नुसत्या टॉर्कवर विसंबले तर ताणात वर-खाली २५ ते ३० टक्के फरक पडू शकतो. महत्त्वाच्या जोडांसाठी यावर एक सुंदर उपाय आहे: आधी हलका टॉर्क देऊन भाग एकमेकांना नीट टेकवायचे, आणि मग ठरलेल्या कोनातून फिरवायचे. ८ मिमी बोल्टच्या आट्यांची चाल १.२५ मिमी असते. म्हणजे ९० अंश फिरवले की नट ०.३१ मिमी पुढे सरकतो, घर्षण कितीही असो. सिलिंडर हेडचा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट) १५० मिमी लांब असेल आणि मधला भाग अजिबात दबत नाही असे धरले, तर तो ०.३१ मिमी ताणायला बरोबर १५.६ किलोन्यूटन लागतात. (खरा जोड थोडा दबतो, त्यामुळे कोन थोडा वाढवावा लागतो.) घर्षणाची लहर या हिशेबातून बरीचशी बाजूला पडते.

पण हाच कोनाचा हिशेब २५ मिमी लांबीच्या बोल्टला लावा. तो सहापट कडक आहे, त्यामुळे तेवढाच ताण यायला जेमतेम १५ अंश पुरतात. तिथे पाच अंशांची चूक म्हणजे एक-तृतीयांश ताणाची चूक. शिवाय आवळल्यानंतर काही तासांत पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे चेपले जातात आणि जोड कणभर बसतो. हे बसणे १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) धरले तर १५० मिमीचा स्टड अर्धा किलोन्यूटन गमावतो, २५ मिमीचा बोल्ट तीन. बोल्टखाली रंगाचा जाड थर असेल तर बसणे याहून जास्त, कारण रंग दबतो आणि तडकतो. म्हणून चेसिस रंगवताना बोल्ट बसण्याच्या जागा झाकून घेणे हे रंग खात्याचे काम असले, तरी त्याचा परिणाम दिसतो ब्रॅकेट खडखडू लागल्यावर. वायरिंगच्या अर्थिंगची जागा झाकायची राहिली तर हेडलाइट मंद, इंडिकेटर वेडेवाकडे, आणि दोष मात्र बॅटरीला.

हेडचे चार नट एकामागून एक गोल फिरत आवळले तर काय होते? बाज आवळताना एक दोरी ओढली की शेजारची सैल पडते, तसेच. दुसरा नट हेडखालचे गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून घातलेला पातळ थर) दाबतो आणि पहिल्यातला ताण कमी होतो. म्हणून समोरासमोरचे नट, दोन-तीन फेऱ्यांत, टप्प्याटप्प्याने आवळतात. मोठ्या कारखान्यात हे काम चारही नट एकाच वेळी फिरवणाऱ्या नटरनर या यंत्राकडे असते. चार मोटरी एकमेकींसाठी थांबतात आणि शेवटचा टप्पा एकत्र पुरा करतात. कितीही कुशल माणसाला दोन हातांनी हे जमणार नाही.

विजेवर चालणारे हे नटरनर आणि गॅरेजमधली हवेची गन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवेची गन ठोके मारते. तिचा जोर कॉम्प्रेसरचा दाब, पाइपची लांबी, सॉकेटची झीज यांवर अवलंबून, आणि किती आवळले याची नोंद कुठेच नाही. विजेचा नटरनर प्रत्येक नटाचा टॉर्क आणि कोन दोन्ही मोजतो आणि दोन्ही आकडे ठरलेल्या चौकटीत बसले तरच हिरवा दिवा देतो. या दोन आकड्यांच्या जोडीत बरेच काही दिसते. टॉर्क आला पण कोन फार थोडा झाला, तर आटे तिरके पकडले आहेत. कोन वाढत चालला पण टॉर्क चढत नाही, तर आटे निघाले किंवा बोल्ट लांबतोय. कोन नेहमीपेक्षा वेगळा आला तर कदाचित वॉशर घालायचा राहिला. लाल दिवा लागला की पुढचे स्टेशन चालूच होत नाही. नव्या गाडीच्या बोल्टवर पिवळा किंवा पांढरा ठिपका दिसतो तो 'हा आवळून झाला' याची खूण असतो. ठिपक्याची रेघ बोल्ट आणि केसिंगवर सलग असेल तर आणखी उपयोगाची: रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला.

एवढा जाच कशासाठी? समजा एका गाडीत ३०० महत्त्वाचे जोड आहेत आणि आवळणारा हजारात एकदाच चुकतो. माणूस म्हणून ही कामगिरी फार चांगली. तरीही एकही चूक नसलेल्या गाड्या फक्त ७४ टक्के निघतील. दहा हजारांत एक चूक असेल तर ९७ टक्के. लाखात एक, तर ९९.७. ४५० मिनिटांच्या पाळीत हजार गाड्या काढायच्या म्हणजे प्रत्येक स्टेशनला मिळतात २७ सेकंद. त्यात 'मी सगळे बोल्ट आवळले का?' हे आठवत बसणे माणसावर सोडायचे नसते. आठ बोल्ट आवळायचे असतील तर ट्रेमध्ये आठच ठेवतात. एक उरला की उत्तर डोळ्यांसमोर असते.

रोबोटचीही आरती ओवाळायला नको. चेसिसचे वेल्डिंग रोबोट करतो तेव्हा तो ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या वेगाने जातो. नळी वाकवताना दोन मिमीची फट राहिली असेल, तर अनुभवी वेल्डर ती पाहून हात सावरेल. साधा रोबोट फटीवरून सरळ पुढे जाईल. त्यामुळे रोबोटच्या वेल्डिंगचा दर्जा आधीच्या नळ्या कापण्या-वाकवण्यावर आणि जिगवर, म्हणजे नळ्या जागेवर धरणाऱ्या सांगाड्यावर, ठरतो. वेल्डिंगचा क्रमही महत्त्वाचा, कारण थंड होताना प्रत्येक सांधा आखडतो आणि चेसिस ओढतो. अशा वाकड्या चेसिसमध्ये इंजिन बसवताना भोके जुळत नाहीत. लाईनवर ती टॉमी (लोखंडी दांडा) घालून जुळवली, की तो ताण चेसिसमध्ये कायमचा राहतो. पुढे कधीतरी माउंटिंगच्या ब्रॅकेटला तडा जातो आणि दोष खड्ड्यांवर ढकलला जातो. योग्य रीत अशी: इंजिनाचे सगळे बोल्ट आधी सैल घालायचे, इंजिन आपल्या जागी बसू द्यायचे, मग ठरलेल्या क्रमाने आवळायचे.

जुळणीच्या पद्धतीने मोटरसायकलींचा इतिहासही फिरवला आहे. साठच्या दशकात ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या ब्रिटिश कंपन्यांच्या ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनांचे क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात बसतो ते इंजिनाचे खालचे कवच, उभे दुभंगत. सांधा थेट तळातून जाई, आणि तेलाचा डाग ही ब्रिटिश गाडीची ओळख झाली. १९६९ च्या होंडा सीबी७५० चे क्रँककेस आडवे दुभंगते. क्रँकशाफ्ट आणि गिअर एका अर्ध्यात ठेवायचे, सगळे डोळ्यांसमोर, मग दुसरा अर्धा भाग चढवायचा. जुळवायला सोपे, आणि गळायला जागा कमी. याच मॉडेलच्या पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांचे क्रँककेस धातूच्या साच्यात नुसते ओतून केलेले होते (खरखरीत दिसतात म्हणून लोक त्यांना चुकून 'सँडकास्ट', म्हणजे वाळूच्या साच्यातले, म्हणतात), नंतर होंडा डाय कास्टिंगकडे, म्हणजे साच्यात दाबाने धातू भरण्याकडे, वळली. आज संग्राहक जास्त पैसे मोजतात ते त्या खरखरीत केसिंगला! अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनचे उदाहरण तर देशाच्या अभिमानावरच बोट ठेवते. १९६९ मध्ये एएमएफ या अमेरिकन उद्योगसमूहाने ती कंपनी घेतली, उत्पादन झपाट्याने वाढवले, आणि भाग कमी असलेल्या अर्धवट गाड्या लाईनवरून उतरू लागल्या. १९८१ मध्ये १३ अधिकाऱ्यांनी कंपनी परत विकत घेतली आणि भाग लागतील तसे लाईनवर आणणे, कामगारानेच आपल्या कामाचे मोजमाप आलेखावर ठेवणे अशा, जपानी कारखान्यांत रुळलेल्या पद्धती आणल्या. कारखाने तेच होते, देशही तोच.

कारखान्याने एवढे सांभाळलेले काम शोरूममध्ये अर्ध्या तासात बिघडू शकते. बरेच क्रॅश गार्ड इंजिनाच्या माउंटिंग बोल्टवरच चढतात. बोल्ट काढला जातो, मध्ये गार्डची पट्टी घातली जाते, आणि परत आवळताना हवेची गन किंवा लांब पाना. पट्टीवर पावडर कोटिंगचा जाड थर, म्हणजे तो दबणार. गार्ड बसवायचाच असेल तर टॉर्क रेंचने आवळून घ्या आणि पहिल्या सर्व्हिसला तो बोल्ट पुन्हा तपासायला सांगा.

पंक्चरनंतर पुढचे चाक बसवतानाही असेच होते. बहुतेक टेलिस्कोपिक फोर्कच्या गाड्यांत एक्सल आधी टॉर्कला आवळायचा, मग गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खाली दाबायचा, आणि त्यानंतरच एक्सल धरणारा पिंच बोल्ट आवळायचा. क्रम उलटा झाला तर फोर्कचे दोन पाय एकमेकांकडे ओढलेले राहतात, सस्पेन्शन अडखळते आणि ऑइल सील लवकर गळते.

हेडचे नट गार इंजिनावरच तपासावेत. तापमान १०० अंशांनी वाढले तर १५० मिमीचे ॲल्युमिनियम पोलादी स्टडपेक्षा सुमारे ०.१६ मिमी जास्त वाढते, म्हणजे गरम इंजिनात स्टड आधीच जास्त ताणलेला असतो. त्या अवस्थेत घेतलेला टॉर्क गार झाल्यावर कमी भरतो. ऑइल ड्रेनचा बोल्ट तर नेहमी तेलातच न्हालेला असतो. आटे पुसून घ्या, वॉशर नवा घाला, टॉर्क मॅन्युअलमधला द्या, आणि रेंचने 'क्लिक' केल्यावर खात्रीसाठी म्हणून आणखी एकदा ओढू नका.