फड पद्धती

फड पद्धती : नदीवर बंधारा घालून वळविलेले पाणी पिकांची गटवार पाळी ठरवून सामुदायिक शिस्तीने वापरण्याची खानदेश व बागलाणातील जुनी सिंचन पद्धती. धुळे जिल्ह्यात पांझरा व तिची उपनदी कान, तर नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांच्या काठी ती मुख्यतः आढळते.

‘फड’ या शब्दाने येथे एकच पीक असलेला सलग भिजणारा तुकडा अभिप्रेत आहे. उसाचा फड, तमाशाचा फड, पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातील फड या उपयोगांशी त्याचे नाते ‘अनेकांनी एकत्र येऊन काम करण्याची जागा’ या अर्थाने जुळते. ‘फडणवीस’मधील फड मात्र सामान्यतः फार्सी ‘फर्द’वरून (कागद, यादी) आलेला मानतात, त्यामुळे तो या गटात धरू नये.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. स्थानिक परंपरा व काही लेखक बंधाऱ्यांचे श्रेय खानदेशच्या फारुकी सुलतानांना (सु. १३८२–१६०१) देतात, इतर अभ्यासक ढोबळमानाने तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीचा काळ सांगतात. बंधाऱ्याच्या बांधकामावरून त्याचे वय अजमावता येते, पण पाळीपाळीने पाणी घेण्याचा रिवाज दगडात उरत नाही. बंधारे राजाश्रयाने उभे राहिले आणि वाटपाचे नियम गावांनी पुढे हळूहळू बसविले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

बंधाऱ्यापासून निघणारा कालवा सामान्यतः २ ते १२ किमी. लांब असतो. त्याच्या चाऱ्या फडांपर्यंत जातात, चारीतून सारंगाने (लहान शेतचारीने) पाणी शेतात शिरते आणि जादा पाणी सांडमातून (निचऱ्याच्या वाटेतून) बाहेर पडते. सर्व वहन उताराने होते. लाभक्षेत्राचे, म्हणजे कायम बागायतीचे, बहुधा चार फड पाडतात. फडाचे क्षेत्र १० ते २०० हेक्टरांपर्यंत असू शकते. एक-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा हे दरवर्षी नदीचे पाणी पाहून ठरते. बहुतेक शेतकऱ्यांची जमिनीची एक पट्टी प्रत्येक फडात असते. त्यामुळे टंचाईत एखादा फड वगळला, तर तोटा साऱ्यांना सारखा बसतो आणि कालव्याच्या शेपटाकडचा एकटा कोरडा राहत नाही. पद्धतीचे मर्म या जमीनवाटपात आहे. तांत्रिक वर्णनांत ते अनेकदा निसटते.

पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः फावडे घेऊन दार फोडायचे नाही, हा दंडक. पाटकऱ्याने एका पट्टीचे दार माती-दगडांनी बुजविले की पाणी पुढच्या पट्टीत वळते. पीक एकच असल्याने मधला बांध कोणाचा हे परक्याला ओळखूही येत नाही. जागल्या पिकांची राखण करतो, हवालदार देखरेख करतो. मोबदला पूर्वी धान्यात मिळे. गाळ काढण्याचे व दुरुस्तीचे काम लाभधारकांवर असे.

मो. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सेवेत साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले आणि खानदेशात पांझरेवर दातर्ती येथील सायफनचे (पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचे) काम त्यांनी केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ आणली. पिकांच्या गटवार फेरपालटीमुळे तिचे मूळ फडात शोधले जाते. साम्य खरे असले तरी ब्लॉकमध्ये नियंत्रण सरकारी खात्याकडे होते. प्रत्यक्ष अनुकरण झाले असे ठामपणे म्हणता येत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात सुरू केलेली पाणी पंचायत ही तर वेगळीच रचना : तेथे हक्क जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरतो, भूमिहीनांनाही वाटा मिळतो आणि ऊस वर्ज्य आहे.

मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा व कानवर मालनगाव ही धरणे झाल्यावर बंधाऱ्यांचे पाणी धरणाच्या आवर्तनावर अवलंबून राहू लागले. विहिरी व विद्युत पंप वाढले आणि फडात ठरलेल्या पिकापेक्षा वेगळे पीक घेणे सोपे झाले. काही बंधाऱ्यांवर पाटकऱ्याची पाळी अजून चालते.