'बिंज' या एका शब्दाने केलेला घोळ

पोरांनीच पोरांशी दारूबद्दल बोलायचं, ही अमेरिकन कॉलेजांमधली पद्धत १९७० च्या दशकातली. तेव्हा बऱ्याच राज्यांनी दारू पिण्याचं वय १८-१९ वर आणलेलं, त्यामुळे त्या ग्रुपांचा सूर 'पिऊच नका' असा नव्हता, प्यायलात तर गाडी चालवू नका, मित्राला एकटं टाकून जाऊ नका, एवढंच. मग १९८४ चा केंद्र सरकारचा कायदा आला, राज्यांनो वय २१ करा नाहीतर हायवेचा निधी कापू, आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं वळली. आता डिग्रीची पहिली दोन-तीन वर्षं पोरांना कायद्याने पिताच येईना, मग 'जपून प्या' तरी कुठल्या तोंडाने सांगायचं?

वाट सापडली ती १९८६ च्या एका शोधनिबंधातून. बाकीचे किती पितात याचा अंदाज मुलं खूप वाढवून करतात आणि त्या अंदाजाला धरून स्वतः पितात, असं त्यात दिसलं. म्हणजे खरा आकडा नुसता सांगितला तरी दडपण कमी व्हायला हवं, आणि तो सांगायला बरोबरीच्या मुलाइतकं योग्य कोण!

पण १९९३ मध्ये १४० कॉलेजांचा मोठा सर्व्हे झाला आणि ४४ टक्के विद्यार्थी 'बिंज ड्रिंकर' ठरले. व्याख्या काय, तर मागच्या दोन आठवड्यांत एकदा तरी मुलाने लागोपाठ पाच किंवा मुलीने चार ड्रिंक्स घेतलेली असणं. किती तासांत ते विचारलंच नव्हतं. उपचार करणारे लोक बिंज म्हणायचे ते दोन-दोन दिवस कामधंदा सोडून पीत राहण्याला, आणि इथे जेवणासकट सहा तासांत पाच बिअर घेणाराही त्याच खात्यात. या विषयातल्या एका जुन्या शोधपत्रिकेने तर नंतर हा शब्द जुन्या अर्थानेच वापरायचा असा नियम केला. २००४ मध्ये सरकारी व्याख्येत साधारण दोन तास आणि रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल आलं, तोवर दहा वर्षं गेली होती.

माझ्या मते खरं नुकसान याच दहा वर्षांत झालं. सर्व्हेवाल्यांचा हेतू चांगलाच होता, दारूने मुलं मरत होती हेही खरंच, पण पेपरात 'निम्मी पोरं बिंज करतात' छापून आलं की पीअर एज्युकेटरने (म्हणजे पोरांशी बोलणाऱ्या त्या पोराने) बिंज न करणाऱ्या ५६ टक्क्यांबद्दल कितीही सांगितलं तरी ऐकणार कोण? त्यात खरा आकडा सांगणाऱ्या काही पोस्टर मोहिमांना बिअर कंपन्यांचा पैसा होता, तो वादही उरावर. २००३ च्या एका अभ्यासात या मोहिमांचा फायदा दिसला नाही, २००६ मध्ये १८ कॉलेजांच्या चाचणीत दिसला, पुढे तोच प्रयोग दुसरीकडे केला तर परत नाही.

मधल्या काळात काही विद्यापीठांनी नियमच केला की बेशुद्ध मित्रासाठी ॲम्ब्युलन्स बोलावली तर शिस्तीची कारवाई नाही. पोस्टरपेक्षा जास्त टिकली ती समोरासमोर बसून बोलायची पद्धत, जी १९९० च्या दशकात तयार झाली. मुलाचा स्वतःचा आठवड्याचा हिशोब त्याच्याच पुढे ठेवायचा आणि काय बदलायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. नीट ट्रेनिंग मिळालेले विद्यार्थी हे काम प्रोफेशनल लोकांच्या तोडीने करू शकतात असं काही चाचण्यांत दिसलंय, आणि तिथे 'तू बिंज करतोस' असं कुणालाच म्हणावं लागत नाही.